नंदाताईंचे तीन पुठ्ठे

नंदाताई बनसोडे यांना एका जागी बसवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात त्या आरेखक होत्या. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचं काम, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं उभ्यानंच केलं. बोर्डासमोरचं उंच स्टूल फक्त पर्स ठेवायच्या उपयोगाचं. विश्रांतवाडीच्या घरातही तोच प्रकार. जेवता जेवता उठून खिडकी लावून येतील, टीव्हीवर बातम्या चालू असताना पंख्याची पाती पुसायला घेतील. त्यांचे यजमान दशरथराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या घरात बसणारा माणूस एकच. तो मी."

बसून त्या एकच गोष्ट करत, ती म्हणजे वाचन. पुस्तक हातात आलं की अंगातली सगळी चुळबुळ थांबायची. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी विद्यापीठात पालीच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्या मुलाहून लहान होती. प्रबंधिकेसाठी नंदाताईंनी जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख घेतले. दोन हजार वर्षांपूर्वी साध्यासुध्या माणसांनी तिथं दानं दिली आणि खडकात आपली नावं कोरून ठेवली. कुणी एखादी खोली दिली, कुणी पाण्याची टाकी. नकाशे काढलेल्या बाईला खडकावरच्या रेघा बघून जो आनंद व्हावा, तो त्यांना झाला.

त्याच वर्षी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान झालं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी कधी धड घेतल्या नव्हत्या, कारण गोळी घ्यायलासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस आलं. प्रत्येक खेपेला चार तास बेडवर पडून राहायचं. डाव्या हातात दोन जाड सुया. तो हात वाकवायचा नाही, हलवायचा नाही. रक्त नळीतून बाहेर जाणार, मशीनमधून स्वच्छ होऊन परत येणार.

पहिल्याच आठवड्यात तासाभरानं पाय सुरू झाले. दुखत नव्हते, मुंग्याही नव्हत्या. पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटत होतं आणि पाय झाडल्याशिवाय चैन पडत नव्हतं. त्या पाय झाडायच्या, हात हलायचा, मशीन टिवटिवायला लागायचं.

"काकू, हात!" भाग्यश्री सिस्टर धावत यायच्या.

"हात हलवत नाहीये मी. पाय हलवतेय."

"पाय हलले की हात हलतो."

"हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं, की इथं येऊन कळलं?"

सिस्टर हसून नळी नीट करायच्या. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ रुग्णांना हा त्रास होतो, गोळी देऊ, मन दुसरीकडे गुंतवा. मन गुंतवायला नंदाताईंकडे पुस्तकं होतीच. पण जाडजूड पुस्तक एका हातानं धरायचं कसं आणि पान उलटायचं कसं? छातीवर ठेवलं तर घसरायचं, आणि एकदा तर थेट मशीनच्या चाकाशी जाऊन पडलं.

त्यांचा मुलगा अभय मांजरीला नव्या सोसायटीत राहायचा. आयटीत नोकरी, बायको अस्मिता, दोन वर्षांची मुलगी. आईला पुस्तक धरता येत नाही हे कळताच तो त्या रविवारी मोठा टॅबलेट घेऊन आला.

"सगळी पुस्तकं यात बसतात, आई. कलर आहे, झूम होतं. हॅपी?"

डायलिसिसच्या बेडवर टॅबलेट दोनच खेपा टिकला. वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं ओळींवर पडायचं. डोळ्यांना पाणी यायचं. नंदाताई एखाद्या शब्दाशी झटत असल्या की वरून नातेवाइकांच्या ग्रुपवरचे फुलांचे फोटो उतरायचे. शिवाय तो इतका जड, की मनगट भरून यायचं.

"आरसा चांगला आहे," त्यांनी अभयला फोनवर सांगितलं. "स्वतःचा चेहरा नीट दिसतो."

मग अभयनं ई-रीडर आणला. तळहातात मावणारा, कागदासारख्या करड्या पडद्याचा. त्यावर चकाकी नव्हती, फोटो उतरत नव्हते, अंगठ्यानं बटण दाबलं की पान उलटत होतं. नंदाताई हरखल्या. त्या आठवड्यात त्यांनी दोन कादंबऱ्या संपवल्या आणि पाय जवळजवळ गप्प राहिले. शेजारच्या बेडवर प्रज्ञेश नावाचा तरुण आर्किटेक्ट असायचा. तो म्हणाला, "काकू, आज मशीन एकदाही ओरडलं नाही. बंद पडलंय की काय?"

पण कादंबऱ्यांवर प्रबंधिका होत नाही. त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी शिलालेखांच्या जुन्या खंडांच्या स्कॅन केलेल्या फाइली पाठवल्या. मूळ पानं भल्यामोठ्या आकाराची. वर खडकावरच्या अक्षरांचे ठसे, खाली दोन रकाने मजकूर, त्याखाली बारीक टिपा. छोट्या रीडरवर ते पान उघडलं तेव्हा मोहरी सांडल्यासारखं दिसलं. कादंबरीतली अक्षरं मोठी करता येत होती, पण स्कॅन म्हणजे फोटोच. तो मोठा केला की पानाचा एक तुकडा तेवढा दिसायचा. एक ओळ वाचायला पान उजवीकडे सरकवा, परत डावीकडे आणा. प्रत्येक सरकवण्याला पडदा एकदा काळा होऊन उजळायचा. तिसऱ्या ओळीला पाय पुन्हा सुरू.

आता त्यांनी स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. डायलिसिस नसलेल्या दिवशी दशरथरावांना घेऊन त्या कॅम्पातल्या एका मोठ्या दुकानात गेल्या.

"मोठ्या पडद्याचा ई-रीडर दाखवा. ए-फोर कागदाएवढा, नाहीतर त्याच्या जरा आतला."

"मॅडम, टॅब घ्या ना. सेम किमतीत कलर येतो."

"कलर नकोय. शिलालेख काळे-पांढरेच असतात."

"मग ऑनलाइन मागवावा लागेल. आम्ही ठेवत नाही. कोणी विचारतच नाही."

"मी आत्ता विचारलं की," नंदाताई म्हणाल्या आणि वळल्या. शहरात आणखी तीन दुकानांत तेच उत्तर. न बघता, न धरता, केवळ फोटो पाहून मागवायचं. मोबाइलवर लोकांची मतं वाचायला बसल्या तर डोकं भणाणलं. एक म्हणतो दहा इंचीच घ्या, दुसरा म्हणतो तेरा इंचाखाली स्कॅन वाचूच नका. तिसऱ्याला पेननं लिहिता येतं की नाही याचीच चिंता. पण एका हातात सुया खुपसून आडवं पडून कसं वाचायचं, हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांना बसवेना. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. मग एकदम त्यांनी माळ्यावरून जुना पुठ्ठा, स्टीलची पट्टी आणि कटर काढायला लावला.

"काय करतेयस?" दशरथरावांनी विचारलं.

"दुकानात धरायला मिळत नाही ना? मग घरी बनवते."

त्यांनी सहा, दहा आणि तेरा इंची पडद्यांची खरी मापं काढून तीन पुठ्ठे कापले. कडा इतक्या सरळ, की दशरथरावांनी बोट फिरवून पाहिलं. वजनाचं काय? खऱ्या यंत्राइतकं वजन हवं. दशरथरावांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तूरडाळ ग्रॅमाच्या हिशोबानं मोजून आणली. वाण्यानं विचारलं, "काका, इतकीशी डाळ कुणाला?" ते म्हणाले, "वाचायला." डाळीच्या सपाट पुड्या करून त्या पुठ्ठ्यांच्या पाठीवर चिकटवल्या. राहिलं ते पान. ते प्रज्ञेशनं केलं. एकच शिलालेखाचं पान त्यानं आपल्या ऑफिसातून तीन आकारांत छापून आणलं आणि ते तीन पुठ्ठ्यांवर लागलं.

पुढच्या खेपेला नंदाताई पिशवीतून तिन्ही पुठ्ठे घेऊन डायलिसिसला गेल्या. सारा वॉर्ड बघत होता.

"हे काय, काकू? पत्रावळी?" भाग्यश्री सिस्टरांनी विचारलं.

"परीक्षा आहे. हे तिघं परीक्षार्थी."

सहा इंची पहिल्या फेरीतच नापास. तेरा इंचीवरचं पान सुरेख दिसलं, अगदी मूळ पानाच्या जवळ जाणारं. पण थोड्याच वेळात मनगट वाकलं, पुठ्ठा नाकावर आला. उशीला टेकवला तर वरची कड मशीनच्या नळीला लागायला लागली आणि सिस्टरांनी तो चक्क जप्त केला. दहा इंची हातात राहिला. पान उभं धरल्यावर टिपा बारीक दिसत होत्या, पण प्रज्ञेशच्या सांगण्यावरून सिस्टरांनी तेरा इंचीवरचं पान अर्धं कापून आडव्या दहा इंचीवर लावलं, तेव्हा शेवटची टीपसुद्धा चष्म्यातून स्वच्छ लागली. आधी वरचं अर्धं पान, मग खालचं.

"दहा," नंदाताई म्हणाल्या. "आडवा धरून."

किती दिवसांनी त्यांना काहीतरी स्वतः ठरवल्यासारखं वाटलं. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवत, केळं खायचं नाही हे आहारतज्ज्ञ, वजन किती उतरवायचं ते मशीन. हा एक निर्णय त्यांचा होता. अभयला रविवारी सांगायचं, त्यानं फक्त मागवून द्यायचं, असं त्यांनी मनाशी धरलं.

रविवारी अभय आला तो खोकं घेऊनच. आत तेरा इंची रीडर होता, बाजारात मिळणाऱ्यांतला सगळ्यांत मोठा.

"सरप्राइज! आता रडायचं नाही. याच्या वर काही बनतच नाही."

नंदाताईंनी खोकं उघडलं नाही. "परत कर."

"अगं, बघ तरी!"

"बघितलाय. पुठ्ठ्याचा. मनगटाला झेपत नाही. मला दहा इंची हवाय, मी सांगणारच होते तुला."

"पुठ्ठ्याचा?" अभयनं कोपऱ्यात उभे केलेले पुठ्ठे पाहिले, त्यांच्या पाठीवरची डाळ पाहिली आणि त्याचा आवाज चढला. "मी रात्र रात्र रिव्ह्यूज वाचतोय आणि तू डाळ चिकटवतेयस? प्रत्येक वेळी मी काहीतरी आणायचं आणि तू नाही म्हणायचं!"

"कारण प्रत्येक वेळी तू न विचारता आणतोस."

"विचारलं होतं ना एकदा! तेव्हा काय म्हणालीस?"

दशरथरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला. डायलिसिस सुरू झालं तेव्हा अभयनं आईला आपलं एक मूत्रपिंड देऊ केलं होतं. रक्तगट जुळत होता. दशरथरावांना मधुमेह, त्यांचं चालणार नव्हतं. नंदाताईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. "तुझी पोरगी दोन वर्षांची आहे, पुन्हा हा विषय काढलास तर डायलिसिसलाही जाणार नाही," असं ठणकावून विषय मिटवला होता. तेव्हापासून दर रविवारी काही ना काही घरात येत होतं. आरामखुर्ची, रक्तदाबाचं यंत्र, टॅबलेट, रीडर.

"किडनी घेत नाहीस," अभय खोकं पुढं सरकवत म्हणाला, "निदान हे तरी घे!"

चप्पल घालून तो निघून गेला. खोकं तसंच राहिलं.

दोन दिवस नंदाताईंना एका जागी बसवेना. गॅलरीतल्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या, परत जागेवर ठेवल्या. डायलिसिसला गेल्या तेव्हा प्रज्ञेशची बातमी कळली. त्याची आई त्याला मूत्रपिंड देणार होती. बिबवेवाडीत मायलेकरं दोघंच राहायची. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, ही त्याची इथली शेवटची खेप.

"छान झालं रे," नंदाताई म्हणाल्या. "आईनं द्यावं, लेकरानं घ्यावं. हे बरोबर आहे."

"आणि उलटं?"

"उलटं वेगळं."

"का वेगळं, काकू?"

नंदाताईंचे पाय हलायला लागले. प्रज्ञेश छताकडे बघत बोलत राहिला. "मीही सहा महिने नाही म्हणत होतो. मला वाटायचं, मी आईला वाचवतोय. ती मात्र दिवसेंदिवस खंगत चालली. जेवायची नाही, देवळात जायची नाही. एक दिवस म्हणाली, तू आजारी आहेस याचा त्रास आहेच, पण मला काहीच करू देत नाहीस याचा जास्त आहे. मग मी म्हटलं, बरं, तपासण्या तर करू."

"तपासण्या," नंदाताई म्हणाल्या.

"तपासण्यांनंतरही नाही म्हणता येतं."

घरी आल्या आल्या, हातावरची पट्टीही न काढता, त्यांनी अभयला फोन लावला. "तपासण्या करायच्या असतील तर कर. पण अस्मिताला विचार आधी. ती हो म्हणाली तरच."

पलीकडून अस्मिताचाच आवाज आला. "आई, मी पहिल्या दिवसापासून हो म्हणतेय. मला कुणी विचारलंच नाही."

पुढचे आठवडे तपासण्यांत गेले. अभय ऑफिसातून सुट्ट्या काढून रक्त देत होता, स्कॅन करून घेत होता. कधी नव्हे इतका हलका झाला होता तो. नंदाताईंची मात्र घालमेल. रिपोर्ट चांगला आला की भीती वाटायची, आणि ती त्यांना कुणाला दाखवता यायची नाही. दहा इंचीचा विषय कुणी काढला नाही. खोकं कपाटावर गेलं.

शेवटी डॉक्टरांनी नंदाताई, दशरथराव आणि अभय या तिघांना समोर बसवलं. अभयचा रक्तदाब सतत चढा होता आणि लघवीतून प्रथिनं जात होती. बत्तिसाव्या वर्षीच. त्याला ठाऊकही नव्हतं.

"यांची किडनी घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "यांनाच ती जपावी लागणार आहे. एक बरं झालं, वेळेत कळलं. ताई, तुमचं नाव प्रतीक्षा यादीत घालू."

बाहेर कॉरिडॉरमध्ये अभय बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. नंदाताई शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्या सुटकेची लाज वाटली, आणि मग एकदम भीती. हेच दुखणं मुलाच्या अंगात पाय ठेवून उभं होतं. त्या बाकावर बसल्या. अभयचा हात आपल्या मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. उठल्या नाहीत.

"मला काहीच देता आलं नाही, आई."

"दिलंस की. मीच घेत नव्हते. आणि आता गोळ्या वेळेवर घ्यायच्या. माझ्यासारखं करायचं नाही."

"हं."

"आणि तो तेरा इंची अजून परत जातो का बघ."

अभय डोळे पुसत हसला. मुदत उलटून गेली होती, परत जात नव्हता. शेवटी तो एका ओळखीच्या चित्रकाराला विकला, आणि दहा इंची मागवला. मागवताना अभयनं लॅपटॉप आईपुढे सरकवला. "तू दाब बटण." नंदाताईंनी आधी वजन पाहिलं, मग पान आडवं करून अर्धं अर्धं दाखवतो का ते, मग पानाच्या कडेचे कोरे समास कापता येतात का ते. नंतर बटण दाबलं.

यंत्र काही निर्दोष नव्हतं. मोठी फाइल उघडायला वेळ लावायचं, आणि तेवढ्या वेळात नंदाताई त्याला चार शब्द सुनावायच्या. भर उन्हाळ्यात एकदा अडकून बसलं. पण शिलालेखाचं अर्धं पान त्यावर स्वच्छ दिसायचं. आधी वरचं, मग खालचं. डाव्या हातात सुया, उजव्या हातात दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची नावं. पाय काही खेपांना गप्प राहायचे, काही खेपांना नाही. प्रज्ञेशच्या जागी एक गृहस्थ आले होते, ते घोरायचे. प्रज्ञेशचा अधूनमधून फोन यायचा. मायलेकरं दोघंही बरी होती.

प्रबंधिका लिहिताना एक अडचण आली. एका लेखाच्या शेवटच्या ओळीची अक्षरं जुन्या ठशात पुसट होती. ती खडकावरच बघायला हवी होती. ते लेणं जुन्नरजवळच्या मानमोडीच्या डोंगरात होतं, आणि तिथं चढणं नंदाताईंना शक्य नव्हतं. डिसेंबरातल्या एका मोकळ्या दिवशी अभय गाडी घेऊन आला. दशरथराव पुढं बसले, नंदाताई मागं. जुन्नरच्या अलीकडे शेतांच्या कडेला गाडी थांबली.

"वाट तिथून जाते," नंदाताई म्हणाल्या. "ओळ डाव्या भिंतीवर आहे. ऊन तिरकं असताना फोटो काढ, अक्षरं उठून येतात. घाई करू नकोस, दम लागला की थांब. पण जास्त वेळ थांबू नकोस, ऊन वर जाईल."

अभय चढायला लागला. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं. तो चालत होता, थोडा उतरलाही होता. दशरथराव सतरंजी अंथरून आडवे झाले. नंदाताई गाडीभोवती फेऱ्या मारत राहिल्या. अभय वर दिसेनासा झाला, मग बऱ्याच वेळानं खाली उतरताना दिसला. चेहरा लाल, शर्ट घामानं चिकटलेला. त्यानं फोटो रीडरवर टाकले आणि तो आईच्या हातात दिला.

नंदाताईंनी तो आडवा धरला. एक फोटो, दुसरा, तिसरा. चष्मा वर केला, खाली केला.

"सुंदर आलेत," त्या म्हणाल्या. "पण उजवा कोपरा नाही आला. शेवटची दोन अक्षरं तिथंच आहेत."

"परत जाऊ?"

"बस आधी. पाणी पी."

अभय बसला, पाणी प्यायला. त्यानं बाटलीचं झाकण लावलं तशा नंदाताई म्हणाल्या, "आता जा."

तो हसत उठला आणि पुन्हा वाटेला लागला.